आधी भावाशी समेट: ख्रिस्ती मंडळीतील परस्परक्षमेच्या प्रथेचा इतिहास

ख्रिस्ती परंपरेत पापांचा विचार होताना चोरी, व्यभिचार, लोभ यांची नावे आधी घेतली जातात. परंतु ज्यांनी सारे आयुष्य धर्मसाधनेत घालवले त्यांना स्वतःच्या अनुभवातून जी दोन दुखणी सर्वांत चिवट वाटली, ती निराळी आहेत. त्यांतील पहिले स्वनीतिमत्त्व, म्हणजे आपण नीतीने वागतो या जाणिवेवर विसंबून इतरांना तुच्छ लेखणे; दुसरे मनात धरलेली अढी, म्हणजे झालेला अपमान किंवा अन्याय पुन्हा पुन्हा आठवून तो धुमसत ठेवणे. ही दुखणी धर्मशील माणसालाच अधिक जडतात, कारण ज्याला आपल्या बरोबर असण्याची खात्री आहे त्यालाच डूख धरण्याचा हक्क आपल्याला आहे असे वाटते, आणि जो डूख धरतो तो प्रत्येक आठवणीगणिक स्वतःला अधिक निर्दोष ठरवत जातो. म्हणूनच मंडळीने, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायाने, या दोहोंवरचा उपाय एकट्या माणसाच्या सदिच्छेवर सोपवला नाही. तो पंचांगात, उपासनाविधीत आणि गुडघे टेकण्याच्या शारीरिक कृतीत बांधून ठेवला. सीरियातील बिशपांच्या न्यायसभेपासून इजिप्तच्या वाळवंटापर्यंत आणि यार्देन नदीकाठच्या मठापासून केरळातील मंडळ्यांपर्यंत या उपायाचा इतिहास पसरलेला आहे.

त्याचे मूळ मत्तयकृत शुभवर्तमानातील पर्वतावरील प्रवचनात सापडते. वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असा येशूचा आदेश तेथे नोंदवलेला आहे. या आदेशात भावाची तक्रार रास्त आहे की नाही याची चौकशी नाही; तक्रार आहे एवढेच पुरेसे मानले आहे, आणि ज्याच्याविषयी ती आहे त्याने उठून जायचे आहे. आपले काहीच चुकले नाही, मग आपण का जावे, हा जो प्रश्न दुरावा वर्षानुवर्षे टिकवून धरतो, त्याला येथे जागाच ठेवलेली नाही.

पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी रचल्या गेलेल्या ‘डिडाखे’ या लहानशा नियमग्रंथात, ज्याचे ग्रीक हस्तलिखित फिलोथिओस ब्रायेनिओस यांना १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे मिळाले आणि १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले, या आदेशाला नियमाचे रूप आलेले दिसते: ज्याचे आपल्या सोबत्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत रविवारच्या भाकरी मोडण्याच्या विधीत सामील होऊ नये. दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिनने, प्रार्थना संपल्यावर आणि भाकर व द्राक्षारस आणण्यापूर्वी उपासक एकमेकांचे चुंबन घेऊन अभिवादन करतात, असे नोंदवले आहे. हे शांतीचे चुंबन समेट झाल्याची सर्वांसमक्ष दिलेली साक्ष होते, आणि मनात अढी ठेवून ते देणे म्हणजे वेदीसमोर खोटे बोलणे होते.

तिसऱ्या शतकात सीरियात तयार झालेल्या ‘डिडस्केलिया’ या ग्रंथात याहून व्यवहारी तरतूद आहे. सभासदांमधील तंटे बिशपाने सोमवारी ऐकावेत असे तो सांगतो, कारण निकाल कोणाला मान्य झाला नाही तर समजूत घालायला पुढचा आठवडा हाताशी राहतो आणि रविवारी दोघांनाही शांत मनाने वेदीपाशी येता येते. वादी आणि प्रतिवादी दोघांनाही समोरासमोर उभे करून ऐकावे, एकाचेच ऐकून निवाडा देऊ नये, असेही त्यात बजावले आहे. क्षमा म्हणजे तक्रार दडपणे नव्हे, हे त्या काळच्या मंडळीला चांगले ठाऊक होते याचा हा पुरावा आहे, आणि पुढील शतकांत जेव्हा जेव्हा या तरतुदीचा विसर पडला तेव्हा तेव्हा क्षमेच्या नावाखाली दुर्बळावरच ओझे पडले.

याच तिसऱ्या शतकात स्वनीतिमत्त्वाने मंडळीत उभी फूट पाडली. सम्राट डेशियसच्या आज्ञेनुसार इसवी सन २५० मध्ये साम्राज्यातील रहिवाशांना रोमन देवतांपुढे बळी अर्पण करून तसे प्रमाणपत्र मिळवावे लागले; इजिप्तच्या कोरड्या वाळूत अशी पपायरसवरील प्रमाणपत्रे आजवर टिकून राहिली आहेत. अनेक ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी ही अट पाळली, काहींनी पैसे देऊन नुसते प्रमाणपत्र मिळवले, तर काहींनी तुरुंग आणि छळ सोसला. छळ ओसरल्यावर अशा रीतीने श्रद्धेपासून पडलेल्यांना परत घ्यावे की नाही हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा रोममधील विद्वान धर्मगुरू नोव्हेशियन याने त्यांना मंडळीत परत स्थान नाही अशी भूमिका घेऊन २५१ मध्ये वेगळा पंथ स्थापला, आणि त्या पंथाचे अनुयायी स्वतःला ‘शुद्ध’ म्हणवू लागले. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने याविरुद्ध लिहिताना असे मत मांडले की भावांशी वैर धरून मंडळी फोडणाऱ्याला हौतात्म्यही तारू शकत नाही. ज्या काळात हौतात्म्य हे पुण्याचे शिखर मानले जाई त्या काळात हे विधान फार धाडसाचे होते.

३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या आठव्या नियमाने या पंथाच्या धर्मगुरूंना परत घेण्याची तयारी दाखवली, मात्र पडून पुन्हा उठलेल्यांशी आपण सहभाग ठेवू असे त्यांनी लेखी द्यावे अशी अट घातली. पाचव्या शतकातील इतिहासकार सॉक्रेटिस सांगतो की या पंथाचा बिशप अकेसिअस याने आपली कठोर भूमिका मांडल्यावर सम्राट कॉन्स्टंटाइनने त्याला, मग शिडी लावून तू एकट्यानेच स्वर्गात चढ, असे सुनावले. अँटिओकची एक दंतकथा हीच गोष्ट उलट बाजूने सांगते. तेथील धर्मगुरू साप्रिशिअस याला वधस्थानाकडे नेत असता त्याचा जुना मित्र नायसेफोरस वाटेत पुन्हा पुन्हा पायाशी पडून क्षमा मागतो, साप्रिशिअस तोंड फिरवतो, आणि ज्याने छळ धीराने सोसला तोच अखेरच्या क्षणी श्रद्धा नाकारतो, तर नायसेफोरस त्याच्या जागी मान पुढे करतो. या कथेचा ऐतिहासिक आधार संशयास्पद असला तरी ती सांगणाऱ्या समाजाला कशाची भीती वाटत होती, हे तिच्यातून स्पष्ट कळते.

चौथ्या शतकात छळ थांबला आणि धर्मनिष्ठेची कसोटी वाळवंटात हलली. अलेक्झांड्रियाच्या दक्षिणेकडील नित्रिया, केलिया आणि स्केटिस या ठिकाणी शेकडो साधू झोपड्यांतून राहू लागले. यांपैकी स्केटिस म्हणजे आजचे वादी नत्रून, जेथे कॉप्टिक मठ अद्याप नांदते आहेत. उपवास, जागरण आणि हातकाम यांत येथे एकमेकांशी तुलना करण्याची संधी रोजच मिळे, त्यामुळे स्वनीतिमत्त्वाला याहून सुपीक जमीन दुसरी नव्हती. आपल्या उपवासाचा वृथा अभिमान आणि शेजाऱ्याच्या ढिलाईवरचा राग हीच त्यामुळे त्यांच्या चर्चेची मुख्य सामग्री झाली.

स्केटिसमधील अब्बा मोशे याची कथा या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. अब्बा म्हणजे पिता, हे वडीलधाऱ्या साधूंना दिलेले संबोधन होय. मोशे हा आधी गुलाम व नंतर दरोडेखोर होता, आणि साधू झाल्यावर कातडीच्या काळ्या रंगावरून त्याला लोकांकडून अपमान सोसावे लागले होते, म्हणजे अढी धरायला त्याच्यापाशी कारणे पुरेशी होती. एका साधूच्या हातून अपराध घडल्यावर न्यायनिवाड्यासाठी सभा भरली आणि मोशेला बोलावणे गेले. त्याने यायचे टाळले, तेव्हा पुन्हा निरोप धाडण्यात आला. शेवटी तो पाण्याने भरलेले गळके भांडे घेऊन निघाला. वाटेत भेटायला आलेल्यांनी हे काय म्हणून विचारले, तेव्हा आपली पापे अशीच पाठीमागे गळत आहेत, ती आपल्याला दिसत नाहीत, आणि आज आपण दुसऱ्याच्या चुकीचा न्याय करायला आलो आहोत, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. सभेने त्या साधूला क्षमा केली. मोशेने अपराध घडलाच नाही असे म्हटले नाही, अपराध्याची बाजूही मांडली नाही. न्यायासनावर बसणाऱ्यांना त्याने केवळ त्यांची स्वतःची जागा दाखवून दिली.

मोशेने जे कृतीने सांगितले ते पाँटसमधून आलेल्या एव्हाग्रिअसने, ज्याने सुमारे ३८३ ते ३९९ ही वर्षे नित्रिया आणि केलियात घालवली, शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. साधकाला छळणाऱ्या विचारांची त्याने आठ प्रकारांत विभागणी केली: खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, साधनेचा उबग, पोकळ प्रतिष्ठेची हाव आणि गर्व. या यादीतील सूक्ष्म निरीक्षण शेवटच्या दोघांविषयी आहे, कारण बाकीचे विचार हरले की नेमका त्याच वेळी प्रतिष्ठेचा विचार साधकाच्या कानाशी येऊन त्याच्या गुणांची जंत्री वाचू लागतो, असे एव्हाग्रिअस सांगतो. म्हणजे सद्गुणाचा विजय हेच या रोगाचे खाद्य ठरते. दुखावणाऱ्या भावावर सूड म्हणून जे काही कराल ते सारे प्रार्थनेच्या वेळी आडवे येईल, अशीही ताकीद त्याने दिली आहे.

हीच शिकवण योहान कासियान याने इजिप्तमधून दक्षिण फ्रान्समधील मार्से येथे नेली आणि सुमारे ४२० ते ४३० च्या दरम्यान लॅटिनमध्ये लिहिलेल्या संवादांत गुंफली. त्यातील मैत्रीवरच्या सोळाव्या संवादात मठातील रोजच्या भांडणांचे इतके बारकाईचे चित्र आहे की कोणत्याही एकत्र कुटुंबातील माणसाला ते ओळखीचे वाटावे. काही साधू रागावले की बोलणे टाकतात आणि या अबोल्यालाच सहनशीलता समजतात. काही जण दुसऱ्याला डिवचण्यासाठीच मुद्दाम नम्र चेहरा करून दुसरा गाल पुढे करतात. आणि एरवी ज्यांना भूक थोडीही सोसत नाही ते रागाच्या भरात सहज उपास धरतात, असे तो लिहितो. अशा उपासाला तो पुण्य मानत नाही, कारण देवाला द्यायची वस्तू येथे रागाला अर्पण झालेली असते. भाऊ आपल्यावर विनाकारण रागावला आहे, मग आपण का जावे, या आक्षेपालाही त्याचे उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानातूनच येते: प्रश्न कोणाचे चुकले हा नाही, भाऊ दुखावलेला आहे हा आहे.

सहाव्या शतकात गाझाजवळच्या मठांत डोरोथिअस याने अढीवर स्वतंत्र प्रवचन लिहिले. भावाच्या एका कडू शब्दाला तो निखाऱ्याची उपमा देतो: तो शब्द सोसला तर निखारा विझतो; त्याने असे का म्हटले, आपणही सुनवायला हवे होते, असे घोळवत बसले तर काटक्या टाकल्यासारखे होऊन आधी धूर, मग ज्वाळा उठते; आणि ज्वाळा शमल्यावरही जे मागे उरते ती अढी, जी विझलेल्या कोळशासारखी न कुजता वर्षानुवर्षे राहते आणि कधीही पुन्हा पेट घेऊ शकते. क्षमा मागून झाल्यावर, सूड न घेताही, त्या माणसाची स्तुती ऐकली की ज्याच्या मनाला बोचते त्याच्यात अढी शिल्लक आहे, हे त्याने सांगितलेले लक्षण आजही अचूक लागू पडते. यावरचा त्याचा उपाय दुहेरी होता: ज्याने दुखावले त्याच्यासाठीच प्रार्थना करणे, आणि प्रत्येक कलहात स्वतःचा वाटा शोधणे. यातील दुसरा उपाय समबळ माणसांमध्ये गुणकारी असला, तरी पिळल्या जाणाऱ्यावर तो लादला तर तो जाच ठरतो, हे नमूद करणे आवश्यक आहे.

व्यक्तीच्या मनातील हा संघर्ष समुदायाच्या वार्षिक प्रथेत कसा उतरला, हे सातव्या शतकात जेरुसलेमचा कुलगुरू, म्हणजे मुख्य बिशप, झालेल्या सोफ्रोनिअसच्या नावे प्रचलित असलेल्या ‘इजिप्तच्या मरियेचे चरित्र’ या ग्रंथातून कळते. त्यात वर्णिलेल्या यार्देनकाठच्या मठात चाळीस दिवसांच्या महाउपवासाच्या आरंभी सर्व साधू प्रभुभोजन घेत, गुडघे टेकून एकमेकांचे चुंबन घेत, मठाधिपतीचा आशीर्वाद मागत आणि मग दरवाजा उघडून वाळवंटात एकेकटे पांगत; परतायचे ते झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या आठवड्याच्या आरंभी. परतल्यावर कोणी कोणाला, तू हे दिवस कसे घालवलेस, असे विचारायचे नाही हा मठाचा नियम होता. जाण्यापूर्वीच्या समेटाने अढीचा आणि परतल्यानंतरच्या मौनाने पुण्याच्या तुलनेचा मार्ग बंद होत असे, आणि एकाच प्रथेत दोन्ही दुखण्यांवर उपाय साधला जात असे.

या चरित्राचा नायक झोसिमस हा लहानपणापासून मठात वाढलेला निष्ठावान साधू आहे, आणि आपल्याला काही शिकवू शकेल असा साधू जगात उरला आहे काय, हा विचार त्याला सतावू लागलेला असतो. त्याला वाळवंटात भेटते ती अलेक्झांड्रियात सतरा वर्षे देहभोगात घालवून नंतर सत्तेचाळीस वर्षे एकांतात राहिलेली मरिया. दोघेही जमिनीवर लोटांगण घालून एकमेकांचा आशीर्वाद मागत राहतात आणि आधी कोणी द्यायचा हे बराच वेळ ठरत नाही. उपवासाच्या पाचव्या आठवड्यात हे चरित्र उपासनेत वाचण्याचा पूर्वेकडील मंडळ्यांचा प्रघात आहे, म्हणजे उपास अंगवळणी पडून त्याचा अभिमान वाटू लागण्याची वेळ येते नेमकी तेव्हा.

कॉन्स्टँटिनोपलच्या स्टुडिओस मठात थिओडोर (७५९ ते ८२६) आणि त्याचा भाऊ जोसेफ यांच्या काळापासून महाउपवासाच्या उपासनाग्रंथाला जो आकार येत गेला, त्यात ही सारी समज पंचांगाच्या क्रमात बसवलेली दिसते. उपवासाच्या तयारीचा पहिला रविवार परूशी आणि जकातदार यांच्या दाखल्याचा असतो. परूशी हे धर्मशास्त्राचे काटेकोर पालन करणारे, समाजात आदर पावलेले यहुदी साधक होते, आणि दाखल्यातील परूशी आपण आठवड्यातून दोनदा उपास करतो असे देवापुढे मिरवतो, तर जकातदार केवळ दया मागतो. ख्रिस्ती मंडळीनेही ‘डिडाखे’च्या काळापासून बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्याचे दोन उपास स्वीकारले होते, त्यामुळे हा दाखला दुसऱ्या कोणाला उद्देशून आहे असे मानण्याची सोय तिला उरली नव्हती. म्हणून या रविवारनंतरच्या आठवड्यात बुधवार आणि शुक्रवार या दोन्ही दिवशी उपास पाळायचा नाही, असा नियम आहे. दुसरा रविवार उधळ्या पुत्राचा, ज्यात धाकटा परत आल्यावर घरात पाऊल न टाकणाऱ्या, जन्मभर आज्ञेत वागलेल्या थोरल्या भावाची अढी समोर येते. तिसरा शेवटच्या न्यायाचा, आणि चौथा क्षमेचा.

या चौथ्या रविवारी संध्याकाळच्या उपासनेत वेदीची वस्त्रे बदलून गडद रंगाची घातली जातात, सीरियन संत एफ्रेम याच्या नावे चालत आलेली, स्वतःचे दोष दिसावेत आणि भावाचा न्याय करू नये असे मागणारी प्रार्थना साष्टांग नमनासह म्हटली जाते, आणि शेवटी धर्मगुरू स्वतः मंडळीपुढे वाकून क्षमा मागतो. त्यानंतर उपासक एकेक करून एकमेकांसमोर येतात, क्षमा मागतात, आणि देव क्षमा करो असे उत्तर मिळते. रशियात या दिवसाला मोठे सार्वजनिक रूप आले, आणि सतराव्या शतकात मॉस्कोचा झार या दिवशी कुलगुरूकडे क्षमायाचनेसाठी जात असे.

पश्चिमेकडे हीच प्रथा वेगळ्या वाटेने गेली. सहाव्या शतकात इटलीतील माँटे कासिनो येथे संत बेनेडिक्टने मठासाठी लिहिलेल्या नियमावलीच्या तेराव्या प्रकरणात, सकाळ आणि संध्याकाळच्या उपासनेत प्रभूची प्रार्थना वडीलधाऱ्याने मोठ्याने म्हणावी अशी आज्ञा आहे, आणि तिचे कारणही दिले आहे: मठात कलहाचे काटे उगवतातच, तेव्हा आम्ही क्षमा करतो तशी आम्हांला क्षमा कर हे शब्द ऐकून सर्वांनी रोज आपले मन साफ करावे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येकाने वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपाशी पापनिवेदन करावे असे बंधन घातल्यावर मात्र समेटाचा भर हळूहळू शेजाऱ्याकडून धर्मगुरूकडे सरकला. इंग्लंडच्या मंडळीने १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात जुना सूर पुन्हा लावला: ज्यांच्यात वैर दिसते त्यांना समेट होईपर्यंत प्रभुभोजनाला येऊ देऊ नये, पण एकाने मनापासून क्षमा केली आणि दुसरा हटून बसला, तर क्षमा करणाऱ्याला अडवू नये.

भारतात या प्रथेचे पूर्वेकडील रूप केरळातील सीरियन ख्रिस्ती मंडळ्यांमुळे पोचले. १६६५ मध्ये जेरुसलेमचे बिशप ग्रेगोरिओस अब्दल जलील केरळात आल्यानंतर तेथील संत थॉमस ख्रिस्ती समाजाच्या एका भागात पश्चिम सीरियन उपासनापद्धती क्रमाने रुजली, आणि त्या पद्धतीतील महाउपवासाच्या पहिल्या सोमवारचा ‘शुब्कोनो’ हा क्षमाविधीही तिच्यासोबत आला. धर्मगुरू मंडळीपुढे गुडघे टेकतो, मंडळी गुडघे टेकते, आणि मग सारे एकमेकांना शांतीचे अभिवादन देतात. कामधंद्यासाठी मुंबई आणि पुण्यात स्थायिक झालेल्या, याच परंपरेतील मलंकारा मंडळ्यांतून हा विधी आता महाराष्ट्रातही पाळला जातो. जैन समाजाच्या संवत्सरीच्या क्षमापनेमुळे महाराष्ट्राला परस्परक्षमेचा एक दिवस पूर्वीपासून परिचित आहे. दोहोंचा उगम आणि तत्त्वविचार भिन्न असला, तरी क्षमेला ठरलेला दिवस हवा ही जाण दोन्हीकडे सारखीच आहे.

या प्रथेच्या मर्यादा तिच्या इतिहासातच नोंदलेल्या आहेत. वाकून केलेली क्षमायाचना पोकळ असू शकते हे कासियान आणि डोरोथिअस दोघांनीही ओळखले होते, आणि ‘डिडस्केलिया’तील सोमवारची न्यायसभा नसेल तर रविवारचे चुंबन अन्यायावरचे पांघरूण बनते. तरीही या प्रथेने जे साधले ते उपदेशाला साधले नसते. अढी धरलेला माणूस समोरच्याने आधी यावे म्हणून वाट पाहतो, स्वनीतिमान माणसाला आपण का जावे हे कळत नाही, आणि दोघेही आपापल्या जागी न्यायाने बरोबर असू शकतात. प्रथा या दोघांनाही एकाच दिवशी, एकाच दारातून, ठरलेल्या कृतीकडे नेते. तेथे बिशपाला सूट नाही, झाराला नाही, आणि ज्याचे खरोखरच काही चुकलेले नाही त्यालाही नाही. मन आधी तयार व्हावे आणि मग गुडघे टेकावेत, अशी अट या परंपरेने घातली नाही, कारण सद्गुणी मन अशी तयारी सहसा करत नाही हे तिने स्वतःच्या अनुभवातून जाणले होते. आपल्या पुण्यावर इतका अविश्वास ठेवण्याचे धैर्य हेच या प्रथेचे खरे बळ आहे, आणि ज्या मंडळीने ते गमावले तिच्यात नोव्हेशियनच्या पंथासारखी फूट पुन्हा पडल्याशिवाय राहिली नाही.